कट्टर ख्रिस्ती घरातून बाहेर पडल्यावर पडणारे प्रश्न: वचन, भीती, पैसा, कागदपत्रं

पाऊलवाट (धागाकर्ती)

नगर, जालना, सोलापूरकडून पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आणि कट्टर ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलामुलींसाठी हा धागा काढते आहे. कट्टर म्हणजे काय ते आधीच सांगते, नाहीतर सगळ्या ख्रिस्ती समाजावर घसरायला वेळ लागत नाही. बायबलचं अक्षरन् अक्षर निर्दोष. पृथ्वी सहा हजार वर्षांची. सिनेमा, दागिने, सण सगळं 'जगिक'. आजारात आधी प्रार्थना आणि मग जमलं तर डॉक्टर. लग्न फक्त विश्वासातच. आणि प्रभू कुठल्याही क्षणी येईल म्हणून कायम धास्ती. असं घर. बहुतेक वेळा ते पेंटेकॉस्टल किंवा ब्रदरन पंथातलं किंवा एका पाळकाच्या (पास्टरच्या) स्वतंत्र मंडळीतलं (चर्चमधलं) असतं, पण जुन्या मिशनच्या मंडळ्यांतही अशी घरं सापडतात.

हॉस्टेलवर आलं की रविवार पहिल्यांदाच मोकळा मिळतो. वर्गात उत्क्रांती शिकवतात. खोलीतली अविश्वासणारी मुलगी भली निघते. मग प्रश्न सुरू होतात आणि विचारायला कुणी नसतं. घरी विचारलं की 'सैतानाने मन भरकटवलं', बाहेर विचारलं की 'सोड ना ते सगळं'. दोन्ही उत्तरं निरुपयोगी आहेत.

प्रतिसादांत आपले अनुभव नकोत, ठोस माहिती हवी. मंडळीचं, पाळकाचं, कुणाच्या घरच्यांचं नाव लिहू नका.

उताराशोधक

चांगला धागा. वचनापासून, म्हणजे बायबलपासून सुरुवात करतो, कारण अशा घरात बाकी सगळं त्याच खुंटीला टांगलेलं असतं.

आधी हे कळायला हवं की 'बायबल अक्षरशः निर्दोष' या शिकवणुकीला स्वतःचा इतिहास आहे. बायबल देवाने प्रेरित केलेलं आहे, ही श्रद्धा जुनी. पण इतिहास, विज्ञान, आकडे सगळं चुकीविना आहे, अशी काटेकोर मांडणी १८८१ च्या सुमाराला अमेरिकेत प्रिन्स्टनच्या हॉज आणि वॉरफिल्ड या धर्मशास्त्रज्ञांनी केली. १९१० ते १९१५ या काळात एका तेलसम्राटाच्या पैशांतून 'फंडामेंटल्स' (मूलतत्त्वं) नावाच्या बारा पुस्तिका छापून जगभरच्या पाळकांना आणि मिशनऱ्यांना फुकट वाटल्या गेल्या. मूलतत्त्ववादी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. निर्दोषत्वाचं सविस्तर शिकागो निवेदन तर १९७८ चं. तरुण पृथ्वीचं आजचं 'विज्ञान' मुख्यतः १९६१ नंतर पसरलं. उलट पाचव्या शतकातला संत ऑगस्टिन उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातले सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचे धरत नव्हता. तेव्हा 'हे नाकारलं तर ख्रिस्तालाच नाकारलं' हे वाक्य ऐकल्यावर विचारावं: मग ऑगस्टिनचं काय?

आता वाचायची पद्धत. इंटरनेटवरच्या 'बायबलमधल्या ५०० चुका' असल्या याद्यांपासून लांब राहा. यादी घेऊन गेलात की घरून उत्तरांची यादी येते, आणि वचन प्रत्यक्षात कुणीच वाचत नाही. त्याऐवजी एकाच घटनेचे उतारे शेजारी शेजारी ठेवा, उदाहरणार्थ येशूच्या पुनरुत्थानाचे चार शुभवर्तमानांतले (येशूच्या चरित्रांतले) उतारे. वही आडवी धरा, चार रकाने आखा, वर मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २० लिहा. ओळी या: कबरेकडे कोण गेलं, तिथे कोण दिसलं, काय निरोप मिळाला, पुढची भेट कुठे. भरताना आठवणीतलं काही घालू नका, त्या अध्यायात असेल तेवढंच. योहानात मग्दालिया मरिया एकटीच येते, मत्तयात दोघी, मार्कात तिघी, लूकमध्ये तिघींची नावं आणि 'इतर स्त्रिया'. मार्कात एक तरुण बसलेला, मत्तयात उतरून आलेला एक दूत, लूकमध्ये दोन पुरुष. मार्क आणि मत्तय गालीलात जायला सांगतात, लूक यरुशलेमातच थांबायला सांगतो. हे तासाभराचं काम आहे.

दुसरा सराव उत्पत्ती ६ ते ८, म्हणजे नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. ६:१९ मध्ये प्रत्येक प्राण्याची एक जोडी, ७:२ मध्ये शुद्ध पशूंच्या सात-सात. ७:१२ मध्ये पाऊस चाळीस दिवस, ७:२४ मध्ये पाण्याचा जोर दीडशे दिवस. रंगवत गेलात की दोन कथा एकमेकींत विणलेल्या दिसायला लागतात. तिसरा सराव छोटा आहे: २ शमुवेल २४:१ मध्ये दावीदाला शिरगणती करायला परमेश्वर प्रवृत्त करतो, १ इतिहास २१:१ मध्ये तेच काम सैतान करतो. घटना एक, सांगणारे दोन, आणि मध्ये बराच काळ गेलेला.

यावर तयार उत्तर मिळेल की सगळं एकत्र केलं की जुळतं. ते तपासायची एकच कसोटी आहे. जुळवण्यासाठी कुठल्याच उताऱ्यात नसलेली गोष्ट बाहेरून आणावी लागते का? लागत असेल, तर तुमच्यासमोर पाचवं शुभवर्तमान ठेवलं जातंय.

कऱ्हाकाठ

उताराशोधक, सुंदर. माझा विश्वास आहे आणि मी सेमिनरीत (पाळकांच्या धर्मशिक्षण संस्थेत) शिकवतो, तरी तुमच्या पद्धतीला माझी हरकत नाही. हेच आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना करायला लावतो. एक भर घालतो. चार वृत्तांतांत फरक आहेत म्हणून घटना घडलीच नाही, असा निष्कर्ष लगेच निघत नाही. फरकांमुळे पडतं ते अक्षरशः निर्दोषत्व. ख्रिस्ताचं काय करायचं हा प्रश्न त्यानंतरही उभाच राहतो आणि त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो. घाईने एका खात्रीतून दुसऱ्या खात्रीत उडी मारणारे बरेचदा फक्त पाळक बदलतात.

मार्क १६ चं अजून एक सांगायला हवं, कारण पेंटेकॉस्टल घरांत ते फार जवळून लागतं. मार्क १६:९-२० या ओळी चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत नाहीत. तिथे शुभवर्तमान आठव्या ओळीवर संपतं. सिनाईचं हस्तलिखित पानापानाने इंटरनेटवर फुकट पाहता येतं. आता त्या बारा ओळींत काय आहे पाहा: अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं), साप उचलणं, विष पिऊनही इजा न होणं, दुखणाइतांवर हात ठेवले की ते बरे होणं. म्हणजे ज्या वचनावर 'विश्वास असेल तर गोळी कशाला' हा डोलारा उभा राहतो, ते वचनच नंतर जोडलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि बहुतेक अभ्यासक तसंच मानतात.

आणि ते बाजूला ठेवलं तरी ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत तो प्रेषित पौल स्वतः काय करतो? पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असं तीमथ्याला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच सोडून येतो (२ तीमथ्य ४:२०). कलस्सैकरांस ४:१४ मध्ये लूकला प्रिय वैद्य म्हणतो. कुणाचाही विश्वास कमी पडला, असं तो कुठे म्हणत नाही.

अन्य भाषांचंही तसंच. १ करिंथ १२:३० मध्ये 'सर्वच अन्य भाषा बोलतात काय?' या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर 'नाही' आहे. १४:२७-२८ मध्ये नियम स्पष्ट आहे: दोघांनी किंवा फार तर तिघांनी, पाळीपाळीने, अर्थ सांगणारा असेल तर, नसेल तर गप्प राहावं. भाषा आली नाही म्हणून ज्यांना वर्षानुवर्षं पापी ठरवलं गेलं, त्यांनी हा अध्याय सलग, सावकाश वाचावा.

मनोमन

कृपया ठळक करा: प्रार्थनेच्या जोरावर औषध थांबवू नका. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, मानसिक आजाराची औषधं अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं. क्षयाचं औषध महिना-दीड महिन्यात बरं वाटायला लागलं की 'बरं झालो' अशी साक्ष देऊन सोडलं जातं. साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, आणि मध्येच सोडलेला क्षय औषधाला दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो.

आता भीती. डोक्याने प्रश्न सुटला तरी अंग घाबरणं थांबत नाही, आणि हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. नरक, सैतान, आणि सगळ्यांत जास्त 'उचललं जाणं', म्हणजे प्रभू विश्वासणाऱ्यांना अचानक वर नेईल आणि बाकीचे मागे राहतील ही शिकवण. घरी कुणी फोन उचलला नाही की वाटतं, ते गेले आणि आपण मागे राहिलो. लहानपणापासून वर्षानुवर्षं ऐकलेलं दोन पुस्तकं वाचून जात नाही.

भीतीची लाट आली की त्या क्षणी वाद घालू नका, ना देवाशी ना स्वतःशी. पाय जमिनीवर टेकवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या (चार मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा), पाच-सात मिनिटं. दिवा लावा. आलेला विचार एका ओळीत कागदावर लिहा आणि दिवसा, चहा पिऊन झाल्यावर पाहा. रात्री दहानंतर प्रकटीकरण (बायबलचं जगाच्या अंताबद्दलचं पुस्तक), शेवटच्या काळाचे व्हिडिओ आणि नास्तिकांचे वादविवादसुद्धा बंद.

काहींच्या बाबतीत हे भीतीच्या पुढे गेलेलं असतं. तीच क्षमायाचना दिवसातून वीस-तीसदा करावी लागणं, 'पवित्र आत्म्याविरुद्ध पाप (ज्याला क्षमा नाही असं सांगतात) घडलं का' हा विचार तासन्‌तास चालणं, प्रार्थनेचा शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करणं. हे ओसीडीचं (नको ते विचार आणि त्याच त्या कृती करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचं) धार्मिक रूप असू शकतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाला 'घरचं वातावरण धार्मिक आहे' असं मोघम सांगू नका. 'अमुक विचार येतो, मग मी अमुक कृती इतक्या वेळा करते' असं सांगा, म्हणजे निदान नीट होतं. प्रत्येक वेळी 'तू नरकात जाणार नाहीस' असा दिलासा मित्राकडून मागत राहिलं तर हा आजार वाढतो, हे मित्रांनीही लक्षात घ्यावं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

उताराशोधक

'उचललं जाणं' बद्दल थोडं. त्याचा मुख्य आधार १ थेस्सलनीकाकरांस ४:१६-१७. तो उतारा मुळात मेलेल्या नातेवाइकांची काळजी करणाऱ्यांना धीर देण्यासाठी आहे. १८ वी ओळ वाचा, 'या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा'. विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील, मग सात वर्षांचं संकट, मग पुनरागमन, हा तक्ता १८३० च्या दशकात ब्रदरन चळवळीतल्या जॉन नेल्सन डार्बीने मांडला आणि १९०९ च्या स्कोफील्डच्या तळटिपांच्या बायबलमुळे जगभर पोचला. त्याआधी अठराशे वर्षं बहुतेक ख्रिस्ती लोक हा तक्ता न ऐकताच जगले आणि मेले. तारखा तर अनेकांनी दिल्या: विल्यम मिलरच्या अनुयायांची २२ ऑक्टोबर १८४४, हॅरॉल्ड कॅम्पिंगची २१ मे २०११.

सनद

कागदांकडे वळू. प्रश्न पडल्यावर घरी सांगायची घाई होते. सांगण्याआधी पुढचं हातात हवं: जन्मदाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, असेल तर पासपोर्ट आणि जातीचा दाखला. मूळ प्रती घरच्या कपाटात असतात आणि भांडणानंतर मिळत नाहीत. कॉलेजात पडताळणीला लागतात, हे कारण खरंही असतं. ज्या मिळतील त्या डिजिलॉकरमध्ये घ्या. आधारला वडिलांचा मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर आधार केंद्रावर जाऊन आपला जोडा, नाहीतर प्रत्येक ओटीपी घरी जातो. लहानपणी पालकांसोबत उघडलेलं खातं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, एकट्याच्या नावावर नवीन उघडा, पगार किंवा शिष्यवृत्ती तिथे वळवा. फोनवरचं लोकेशन शेअरिंग आणि घरच्या टॅबवर चालू राहिलेलं ईमेल तपासा.

फी आणि राहणं घरच्या पैशांवर असेल तर जाहीर करायची गरज नाही. त्याला खोटेपणा म्हणू नका. आपल्या श्रद्धेचा हिशोब कुणाला कधी द्यायचा हा सज्ञान माणसाचा हक्क आहे.

घरून 'मुलगी हरवली' अशी तक्रार होण्याची भीती असेल तर राहत्या भागातल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या: मी सज्ञान आहे, स्वेच्छेने अमुक पत्त्यावर राहते, कुणी पळवलेलं नाही. सोबत वयाचा पुरावा जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कोंडून ठेवणं, मारहाण झाली तर ११२, स्त्रियांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध नाही, मुलीलाही आईवडिलांच्या घरातल्या हिंसेपासून संरक्षण देतो.

'भूत काढण्या'च्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कायदा सगळ्या धर्मांना सारखा लागू आहे. नुसती प्रार्थना हा गुन्हा नाही, इजा आणि जबरदस्ती हा आहे.

रानजाई

सनद, दशांशाचं (मिळकतीचा दहावा भाग मंडळीला देण्याचं) काय? पगार झाला की घरून आधी तोच प्रश्न येतो. आणि मंडळीतून नाव काढायचं असेल तर?

सनद

नाव काढायचं तर पाळकाला दोन ओळींचं पत्र पुरे: 'अमुक तारखेपासून मला सभासद समजू नये, कृपया नोंद करून लेखी कळवावं.' कारणं लिहू नका, कारणं लिहिली की चर्चा सुरू होते. बाप्तिस्म्याची नोंद खोडली जात नाही, कारण ती घडलेल्या घटनेची नोंद आहे. फार तर शेरा मारला जातो. कित्येक स्वतंत्र मंडळ्यांत रजिस्टरच नसतं, तिथे पत्राचीही गरज नाही. 'शिस्त' म्हणून माफीनाम्यावर सही मागितली तर करू नका. दशांशासाठी यूपीआय ऑटोपे किंवा बँकेत स्थायी सूचना लावलेली असते, ती ॲपमधून किंवा बँकेतून रद्द होते. वचनाचं कऱ्हाकाठ सांगतील.

कऱ्हाकाठ

दशांशासाठी मलाखी ३:१० वाचून दाखवतात. त्याच्या शेजारी अनुवाद १४:२२-२९ ठेवा. तिथे दशांश कुटुंबाने स्वतः परमेश्वरासमोर आनंदाने खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी गावात ठेवायचा आहे. धान्य, द्राक्षारस, तेल, जनावरं यांचा तो हिशोब होता, महिन्याच्या पगाराचा नव्हे. नव्या करारात २ करिंथ ९:७ आहे: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, सक्तीने नाही. कुणाला द्यायचंच असेल तर देऊ नये असं मी म्हणणार नाही. पण न दिल्यामुळे शाप लागतो, ही धमकी आहे.

सागरवेळ

लग्न आणि वारसाहक्क? आणि धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?

सनद

लग्न: दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल तरी १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने होऊ शकतं, पण पाळक 'अविश्वासणाऱ्याशी विजोड' म्हणून नकार देतो. तेव्हा १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा, नोटीस कार्यालयात तीस दिवस लावली जाते, मग तीन साक्षीदारांसह लग्न, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत. अडचण इथे होते: नोटीस लागली की बातमी घरी पोचू शकते. म्हणून नोटीस देण्याआधीच राहण्याची आणि कागदांची सोय झालेली असावी. धर्म सोडावा लागत नाही.

वारसा: ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना समान. विश्वास सोडला म्हणून वाटा जात नाही. मात्र ख्रिस्ती आईवडील मृत्युपत्राने सगळी मालमत्ता हव्या त्या व्यक्तीला देऊ शकतात, त्यावर मर्यादा नाही. हे माहीत असू द्या.

धर्माचा रकाना: २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सरकारी अर्जावर धर्म लिहायची सक्ती करता येत नाही, आणि 'कोणताही धर्म नाही' असं सांगण्याचा हक्क अनुच्छेद २५ मध्येच आहे. लक्षात घ्या, ते प्रकरण येशूला मानणाऱ्या पण ख्रिस्ती धर्म न मानणाऱ्या लोकांचंच होतं. सरकारी मुद्रणालयाने राजपत्रात तशी नोंद करायला नकार दिला होता.

जातीच्या दाखल्याबद्दल सावध राहा. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख, बौद्ध यांनाच आहे. चर्च सोडलं म्हणून तो आपोआप मिळत नाही. मूळ जात, खरं धर्मांतर आणि त्या समाजाने स्वीकारल्याचा पुरावा लागतो. फक्त सवलतीसाठी केलेला बदल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला आहे. वकिलाशिवाय प्रतिज्ञापत्र करू नका.

पाऊलवाट

यालाच जोडून एक काळजी. विश्वास सोडलेल्या तरुणांना कॅमेऱ्यासमोर बसवून 'ख्रिस्ती लोक कसे फसवतात' हे वदवून घ्यायला काही लोक टपलेले असतात. नकार द्या. तो व्हिडिओ तुमच्या आईवडिलांच्या आणि गावातल्या गरीब मंडळीच्या विरोधात वापरला जातो, आणि परत घेता येत नाही. हा धागाही त्यासाठी नाही.

रानजाई

घरच्यांशी बोलायचं कसं?

मनोमन

सिद्धांतावर बोलू नका, वेळापत्रकावर बोला. 'आई, रविवारी सभेला येणार नाही, पण दुपारी जेवायला येईन.' वाक्य एवढंच, आणि दर वेळी तेच. 'तू अजून विश्वासात आहेस का?' या प्रश्नाला 'मी वाचते आहे, विचार करते आहे, माझ्यासाठी प्रार्थना करायची तर कर' हे उत्तर खरंही आहे आणि दार बंद करत नाही. पाळकाला घरी बोलावून चारचौघांत समजूत काढायचा बेत दिसला तर 'मी एका वेळी एकाशीच बोलेन' म्हणा आणि उठा. १ योहान २:१९ (आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हते) आणि इब्री ६:४-६ (मागे फिरलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य) ऐकवलं जाईल, त्याची मनाची तयारी ठेवा. मयताच्या किंवा लग्नाच्या घरी हा विषय काढायचा नाही, कुणी काढला तरी.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका, बाहेर पडल्याची चर्चा होते. आधी म्यूट करा, अर्काइव्हमध्ये टाका.

कऱ्हाकाठ

प्रश्न विचारणं ही बाहेरून आलेली पाश्चात्त्य खोड नाही, हेही मुलांना कळू द्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यापासून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीपासून) चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर त्यांच्या मार्गदर्शक जोगीण सिस्टर जेरल्डिनशी पत्रांतून कडाडून वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. त्याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली आत्म्याच्या संजीवनाची (सामूहिक धार्मिक जागृतीची) ती लाट आली, जी जागतिक पेंटेकॉस्टल इतिहासात लॉस एंजेलिसच्या १९०६ च्या तशाच लाटेआधीची म्हणून नोंदली जाते. म्हणजे प्रश्न आणि आवेश दोन्ही एकाच आयुष्यात होते. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

वाचायला बायबल कुठलं, असंही मला व्यक्तिगत निरोपात विचारलं गेलं. घरचं, बायबल सोसायटीने छापलेलं बायबल ठेवाच, त्याची भाषा अंगात मुरलेली असते. जोडीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घ्या, पुस्तकागणिक पार्श्वभूमी मिळते.

रानजाई

शेवटचं. घरी धाकटी भावंडं आहेत. त्यांना यातलं काही सांगावं का?

मनोमन

अठराच्या आतलं असेल तर त्याचा विश्वास मोडायला जाऊ नका. त्याला त्याच घरात राहायचंय, आणि तुमचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं की तुमचा संपर्क तोडला जातो. त्याच्यासाठी तीन गोष्टी करता येतात. शाळेची विज्ञानाची पुस्तकं आणि फी याकडे लक्ष ठेवा. आजारपणात डॉक्टरकडे नेलं का हे विचारा, आणि नेलं नसेल तर मावशी, आत्या, शाळेतल्या बाई, ज्या कुणाचं घरात चालतं त्यांच्यामार्फत न्यायला लावा. आणि तुमचा फोन नंबर त्याला पाठ करून घ्या, मोबाइलमध्ये सेव्ह केलेला पुसला जातो. मारहाण किंवा उपचार रोखणं होत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर तुम्हीही कळवू शकता, नाव गुप्त राहतं. त्याने स्वतःहून काही विचारलं तर विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या.

पाऊलवाट

धन्यवाद सगळ्यांना. सनद यांचे तीनही प्रतिसाद आणि कऱ्हाकाठ यांचा मार्क १६ वरचा प्रतिसाद मूळ धाग्यात वर जोडते आहे. वसतिगृहांच्या आणि समुपदेशनाच्या मोफत सोयींची माहिती कुणाकडे पडताळलेली असेल तर जिल्ह्याचं नाव घालून इथेच लिहा.